विड्याचं पान भाजी आहे का?

पहाटेचे साडेचार. तुम्ही नाशिकच्या द्वारका चौकात, उड्डाणपुलाच्या खांबापाशी उभे आहात. थोड्या वेळाने इथे रिक्षा, बस, कंटेनर आणि दुचाक्या एकमेकांत अडकतील; आत्ता मात्र चौक मोकळा आहे. मुंबईकडे निघालेल्या टेम्पोत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आहेत, वर ओलं गोणपाट टाकलेलं. पिंपळगावकडून आलेल्या गाडीत टोमॅटोचे क्रेट. चहाच्या गाडीशेजारची पानटपरी अजून बंद आहे आणि किराणा दुकानाचं शटर नुकतंच अर्धं वर गेलंय.

द्वारकेवरून तीन मोठे रस्ते फुटतात. एक मुंबईला जातो, एक धुळ्यावरून आग्र्याला, तिसरा सिन्नर-संगमनेर करत पुण्याला. आज तुम्हाला तिन्ही रस्त्यांनी जायचंय, आणि जायचंय ते मागे, होऊन गेलेल्या वर्षांत. कायद्यात 'भाजी', 'फळ', 'औषध', 'कोळसा' असे रोजचे शब्द येतात. त्यांचा अर्थ कायदा पुष्कळदा सांगत नाही. मग भांडण कोर्टात गेलं की तो अर्थ कोणाकडून घ्यायचा? शब्दकोशाकडून, शास्त्रज्ञाकडून, व्यापाऱ्याकडून की बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून? या प्रश्नाच्या उत्तरावर लोकांनी कर भरलाय, आणि एका माणसाने तुरुंगवासही भोगलाय.

आधी टोमॅटोच्या गाडीकडे बघा. क्रेटवर हात ठेवा आणि डोळे मिटा. उघडाल तेव्हा तुम्ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहात, तारीख १० मे १८९३. न्यूयॉर्कच्या बंदरात वेस्ट इंडीजहून टोमॅटो आला होता. आयात होणाऱ्या भाजीवर १० टक्के जकात होती, फळ मोकळं होतं. निक्स नावाच्या व्यापारी कुटुंबाने जकात भरली आणि बंदराचा वसुली अधिकारी हेडन याच्यावर दावा लावला: टोमॅटो वेलीवर, फुलातून, बिया घेऊन जन्मतो, म्हणजे ते फळच. खालच्या कोर्टात दोन्ही बाजूंनी शब्दकोश वाचून दाखवले होते. एकाने टोमॅटो वाचला, दुसऱ्याने वाटाणा, वांगं, काकडी. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी वनस्पतिशास्त्राचं म्हणणं खोटं ठरवलं नाही. ते म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीने हे फळ असेल, पण लोकांच्या बोलण्यात आणि जेवणाच्या ताटात ती भाजी आहे. जेवणात मुख्य पदार्थांबरोबर वाढतात, शेवटी गोड म्हणून नाही. जकात कायम राहिली. इथे फार रेंगाळू नका. आपल्याला जायचंय अकोल्याला.

आग्रा रोडने चांदवड, मालेगाव, धुळे, आणि धुळ्याहून पूर्वेला वळून जळगाव, भुसावळ. जसजसे पुढे जाल तसतसा रस्ता अरुंद होत जातो, ट्रक कमी होतात, बैलगाड्या वाढतात. अकोल्यात शिराल तेव्हा साल १९५४ आहे. वाटेत कुठेतरी तुम्ही राज्याची हद्द ओलांडलीत. नाशिक मुंबई राज्यात आहे आणि अकोला मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर. बोली वऱ्हाडी असली तरी मराठीच, खिशातले आणे-पैही तेच, पण विक्रीकराचा कायदा वेगळा. इथे चालतो 'मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा, १९४७'.

पानबाजारात पाऊल टाकताच ओल्या गोणपाटाचा आणि हिरव्या पानांचा वास अंगावर येतो. करंड्या रांगेने मांडल्यात. दोन माणसं मांडी घालून पानं फेरतायत, एकेक पान उलटून बघतात आणि डाग पडलेलं बाजूला टाकतात. पान का सडतं याचं उत्तर तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, पण ते फिरवण्याचं काम किती तास चालतं हे आज पहिल्यांदा दिसतं. एका पेढीच्या गादीवर मुनीम बसलाय. त्याच्यासमोर चोपडी आहे आणि चोपडीवर सरकारी नोटीस.

"बसा भाऊ," तो म्हणतो. "पान खाता काय?"

तुम्ही नोटिशीकडे बघता. विक्रीकर अधिकाऱ्याने पानाच्या विक्रीवर कर लावलाय. मुनिमाचा चेहरा त्रासलेला आहे, पण बोलण्यात तर्क पक्का.

"आता तुम्हीच सांगा. भाजीपाल्यावर कर नाही, असं कायद्यात लिहेल हाय. हे पान वेलाले लागते. हिरवं हाय. लोक चावून खातात. दोन रोज ठेवलं का सडते. मंग हे भाजीपाल्यात काहून नाही?"

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. कायद्याला एक परिशिष्ट जोडलंय, त्यात करमाफ वस्तूंची यादी आहे. यादीत भाजीपाला आहे, फक्त बंद डब्यात विकलेला सोडून. भाजीपाला म्हणजे काय हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. कायदा इंग्रजीत आहे, आणि त्यातला 'व्हेजिटेबल' हा शब्द इंग्रजी कोशात उघडला तर त्यात अख्खी वनस्पतिसृष्टी मावते. कोशाच्या आधाराने बोलायचं तर पानवाल्यांची बाजू भक्कम दिसते.

मुनिमाला एक गोष्ट मात्र अडचणीची आहे, आणि ती त्याला ठाऊक आहे. मूळ कायद्याच्या यादीत भाजीपाल्याखेरीज विड्याची पानं ही वेगळी नोंद होती. १९४८ साली दुरुस्ती झाली आणि ती नोंद काढून टाकली गेली. भाजीपाला यादीत राहिला, पान गेलं.

हा वाद एका पेढीचा नव्हता. तो नागपूरच्या उच्च न्यायालयापुढेही गेला. तिथे दाद मागणारी संघटना होती मध्य प्रदेश पान मर्चंट्स असोसिएशन, संत्रा मार्केट, नागपूर. सिव्हिल लाइन्समधल्या घुमटाच्या इमारतीत जा, मागच्या बाकावर बसा. वकील कोश उघडून दाखवतायत. न्यायमूर्ती ऐकून घेतात आणि सांगतात की सृष्टिशास्त्रात या शब्दाचा पसारा कितीही असो, कराच्या कायद्यात तो पसारा घ्यायचा नाही. घराच्या परसात वा मळ्यात पिकते आणि जेवणासाठी रांधली-वाढली जाते ती भाजी, एवढाच अर्थ घ्यायचा.

अकोल्याचा वाद पुढे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात पोचला. राम अवतार बुधईप्रसाद विरुद्ध असिस्टंट सेल्स टॅक्स ऑफिसर, अकोला, साल १९६१. एव्हाना बरंच काही बदललंय. जुनं मध्य प्रदेश राज्य मोडून १९५६ च्या नोव्हेंबरात वऱ्हाड द्विभाषिक मुंबईत आलं, १९६० च्या १ मेपासून महाराष्ट्रात. पै आणि आणे जाऊन नवे पैसे आले. नोटीस मात्र जुनीच, आणि प्रश्नही तोच. निकाल न्यायमूर्ती जे. एल. कपूर यांनी लिहिलाय. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, रोजच्या वापरातला शब्द रोजच्या अर्थानेच वाचायचा; शास्त्रीय किंवा कोशातला अर्थ घ्यायचा नाही, आणि नागपूरच्या निकालातलाच अर्थ बरोबर. दोन, विधिमंडळाने पान आधी वेगळं लिहिलं आणि नंतर काढलं, म्हणजे पान ही भाजीहून वेगळी वस्तू आहे हे कायदा करणाऱ्यांच्या मनात स्पष्ट होतं. विड्याचं पान भाजी नाही. कर द्यावा लागेल.

निकाल हातात घेऊन पुन्हा अकोल्यात या. संध्याकाळ झालीय. एका घराच्या दारात बाई पिशवी पुढे करतात, "अहो, येताना भाजी घेऊन या." तुम्ही बाजारात जाता आणि पिशवीत शंभर विड्याची पानं घालून परत येता. त्या घरात पुढे काय होईल हे सांगायला कुठल्याही न्यायाधीशाची गरज नाही. पान घरात हवंच असतं, पाहुण्याला, सुपारीला, देवाला, जेवण झाल्यावर. पण चुलीवर काय टाकायचं हा प्रश्न पानाने सुटत नाही. कॅनडातल्या एका न्यायाधीशाने १९५१ साली नेमकी हीच कसोटी वापरली होती. तिथे खारवलेले शेंगदाणे फळ-भाजीत मोडतात असा कंपनीचा दावा होता, आणि न्यायाधीशांनी विचारलं, रात्रीच्या जेवणासाठी भाजी आणायला सांगितलेला माणूस शेंगदाणे घेऊन घरी येईल का?

मला हा अकोल्याचा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, पानवाले हरले तरीही. ते हरले ते एका चांगल्या नियमाने. मुनिमाला इंग्रजी कोश वाचता येत नव्हता, पण भाजी म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोर्टाने त्याच्या त्या ज्ञानाला कोशापेक्षा वरचं स्थान दिलं. ज्या माणसाला कायदा पाळायचाय, त्याच्या कानाला तो शब्द कसा लागतो हे आधी बघायचं. नियम असा नसता तर प्रत्येक दुकानदाराने गल्ल्याशेजारी वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ ठेवायचा आणि तरीही नोटीस येईपर्यंत आपलं चुकतंय की बरोबर हे त्याला कळायचं नाही.

हा नियम दरवेळी अर्थ आखडतोच असं नाही. १९६७ साली मध्य प्रदेशातूनच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं: कराच्या यादीतल्या 'कोल' या शब्दात लाकडी कोळसा येतो का? भूगर्भशास्त्र विचाराल तर खाणीतला दगडी कोळसा निराळा आणि लाकूड जाळून केलेला निराळा. कोर्टाने भूगर्भशास्त्र बाजूला ठेवलं. व्यापारी आणि गिऱ्हाईक त्या शब्दाने काय समजतात ते पाहिलं आणि लाकडी कोळसा आत घेतला. इथे रोजचा अर्थ शास्त्रापेक्षा मोठा निघाला.

विदर्भ सोडण्याआधी आणखी एका निकालाकडे बघून घ्या. तुमच्या आजोळच्या मोरीतल्या फळीवर लाल दंतमंजनाची बाटली होती, आठवते? हातावर घेतली की तळवा गेरूने लाल व्हायचा. बैद्यनाथच्या त्या 'दंतमंजन लाल'वरून केंद्रीय अबकारी खात्याचा नागपुरातला खटला १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. कंपनी म्हणत होती, हे आयुर्वेदिक औषध आहे, घटकद्रव्यं आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत. कोर्ट म्हणालं, औषध माणूस वैद्याच्या सांगण्यावरून घेतो, आजार असेपर्यंत घेतो. हे तर घरातला प्रत्येक जण रोज सकाळी दात घासायला वापरतो. म्हणून औषध नाही. पुढे विको कंपनीच्या दंतमंजनावर आणि हळदीच्या क्रीमवर असाच वाद झाला आणि तिथे कंपनी जिंकली. या दोन निकालांची सांगड घालताना वकिलांनाही कष्ट पडतात, आणि मला ते लपवावंसं वाटत नाही. 'सामान्य माणसाची समजूत' ही कसोटी म्हणायला सोपी. पण दंतमंजन औषध म्हणून घेणारी आजी आणि साबणासारखं वापरणारा नातू यांच्यापैकी सामान्य कोण, हे ठरवताना न्यायाधीशाचा स्वतःचा अनुभव नकळत आत शिरतो.

आता द्वारकेला परत या. उजाडलंय, किराणा दुकान पूर्ण उघडलंय. दाराजवळच्या फळीवर खोबरेल तेलाच्या छोट्या बाटल्या आहेत. हे खायचं तेल की केसांचं? दोन्हींचा कर निराळा, म्हणून हा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंच एकमत झालं नाही. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की निव्वळ बाटली लहान आहे म्हणून शुद्ध खोबरेल तेल केसांचं तेल ठरत नाही. पण अकोल्याहून हा निकाल एका बाबतीत वेगळा आहे. इथे शुल्काच्या तक्त्यात तपशील बराच दिलेला होता, म्हणून कोर्टाने आधी तो तपशील वाचला. कायद्याने स्वतः अर्थ सांगितला असेल तर तोच चालतो. बाजाराला विचारायची वेळ येते ती कायदा गप्प असतो तेव्हा.

इथवर प्रश्न पैशांचा होता. आता पुणे रोडला वळा.

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव मागे टाकत पुण्यात शिरता तेव्हा साल १८९७ आहे, जून महिना. दुष्काळाचं वर्ष, त्यात प्लेग. गोरे शिपाई घराघरांत शिरून तपासण्या करून गेलेत, त्याचा संताप अजून पेठांतून निवलेला नाही. १५ जूनचा 'केसरी' तुमच्या हातात आहे. त्यात शिवराज्याभिषेक उत्सवाची हकिकत आहे, अफझलखानाच्या वधावर झालेल्या भाषणांचा सारांश आहे, आणि शिवाजी महाराज जागे होऊन देशाची दशा बघतायत अशी कल्पना केलेली एक कविता आहे. एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली जाते. २७ जुलैला 'केसरी'चे संपादक टिळक यांना मुंबईत अटक होते.

मुंबईला चला. सप्टेंबर महिना, ओव्हलच्या मैदानावर चिखल. १८७८ मध्ये पुरी झालेली उच्च न्यायालयाची काळ्या दगडाची इमारत माणसांनी भरून गेलीय. जिन्यावरून वर जा, दारातल्या गर्दीतून वाट काढत आत शिरा. समोर न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची. ज्यूरीच्या बाकावर नऊ जण, त्यांतले सहा युरोपीय, तिघे भारतीय. टिळकांच्या बाजूने बोलायला कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आलेत.

ज्या कलमाखाली खटला आहे ते भारतीय दंडसंहितेचं १२४-अ. त्यात सगळा भार एका शब्दावर आहे: 'डिसअफेक्शन', मराठी कायद्याच्या भाषेत अप्रीती. सरकारविषयी अप्रीती चेतवली की गुन्हा. अप्रीती म्हणजे काय हे कलम सरळ सांगत नाही. काय अप्रीती नाही, एवढं मात्र स्पष्टीकरणात दिलंय: सरकारच्या कृत्यांबद्दलची नापसंती, जर तिच्यासोबत सरकारचा कायदेशीर हुकूम मानण्याची वृत्ती कायम असेल, तर ती अप्रीती नव्हे.

प्यू याच धाग्याला धरून बोलतात. हुकूम मानणारी नाराजी माफ असेल, तर गुन्हा फक्त त्या भावनेचा, जी सरकारची सत्ताच झुगारायला निघालीय. सैन्यात अप्रीती पसरली असं म्हणतात तेव्हा शिपाई बंड करायच्या बेतात आहेत असंच कोणीही समजेल. शिपायांना कर्नल आवडत नाही, एवढ्यासाठी तो शब्द कोणी वापरत नाही.

मग स्ट्रेची ज्यूरीला समजावून सांगू लागतात. कोर्टात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते शब्द मधोमध तोडतात. 'अफेक्शन' म्हणजे प्रीती, आणि त्याच्या आधी नकार जोडलाय. म्हणजे प्रीतीचा अभाव. त्यापुढे ते द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तिरस्कार, सगळे प्रकारचे दुर्भाव त्यात घालतात. भावना किती तीव्र आहे याला गुन्हा ठरवताना महत्त्व नाही, ती शिक्षा ठरवताना पाहायची. लेखामुळे प्रत्यक्षात दंगा झाला की नाही, हेही पाहायचं नाही. सहा वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, कलकत्त्याच्या 'बंगबासी' पत्रावरच्या खटल्यात सरन्यायाधीश पेथरम यांनी साधारण अशीच वाट काढून दिली होती. स्ट्रेची त्यावरून आणखी पुढे गेले.

क्षणभर ज्यूरीच्या बाकावरच्या तिघा भारतीयांकडे पाहा. 'केसरी' मराठीत आहे. बाकीच्या सहांपुढे आहे ते सरकारी भाषांतर. पुण्यातल्या वाचकाने ती कविता वाचून काय घेतलं असेल, हे या दालनात ज्यांना उमजू शकतं ते संख्येने कमी आहेत. १४ सप्टेंबरला मतं पडतात: सहा जण दोषी म्हणतात, तिघे निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी.

आता अकोल्याचा मुनीम आठवा आणि स्ट्रेचींच्या व्याख्येशेजारी त्याला उभा करा. त्याला सांगितलं गेलं होतं की कोशातला फुगवलेला अर्थ चालणार नाही, लोकांच्या वापरातला घ्यावा लागेल. १८९७ मध्ये मुंबईत नेमकं उलट झालं. शब्द वापरात कसा चालतो ते न पाहता त्याच्या अवयवांची बेरीज केली गेली, आणि उत्तर असं आलं की दुष्काळात सारा भरणारा, प्लेगच्या तपासणीत घरातलं सामान रस्त्यावर फेकलेलं पाहणारा जो कोणी सरकारवर प्रीती करत नाही, त्याच्याविषयी लिहिणाऱ्यालाही धास्ती वाटावी. माझं मत स्पष्ट आहे: स्ट्रेचींनी कायद्याचा अर्थ लावला नाही, त्याची हद्द वाढवली. कलमातलं स्पष्टीकरणच त्यांच्या आड येत होतं. दाद मागायला टिळकांच्या वतीने लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे ॲस्क्विथ उभे राहिले, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, पण अपिलाची परवानगीही मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलमात दुरुस्ती करून द्वेष आणि तिरस्कार हे शब्द घातले आणि निष्ठेचा अभाव व वैरभाव अप्रीतीत येतात असं लिहून टाकलं. न्यायाधीशाने ताणलेला अर्थ आता छापील कायदा झाला. १९०८ साली टिळक त्याच इमारतीत पुन्हा आरोपी म्हणून उभे राहिले आणि सरकारी भाषांतरातल्या चुका त्यांनी स्वतः दिवसचे दिवस उकलून दाखवल्या. त्या वेळी शिक्षा झाली सहा वर्षांची.

हा शब्द तिथेच थांबला नाही. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी सांगितलं की राजद्रोहाचा गाभा सार्वजनिक अव्यवस्था हा आहे. सरकारच्या अहंकाराला लागलेली ठेच भरून काढण्यासाठी हे कलम नाही. तो निकाल धरून मुंबईत सदाशिव नारायण भालेराव यांची सुटका झाली. सरकार लंडनला गेलं, आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्य काही महिन्यांवर आलेलं असताना, प्रिव्ही कौन्सिलने ग्वायर चुकले, स्ट्रेची बरोबर, असा निवाडा दिला. टिळकांना तुरुंगात पाठवणारा अर्थ असा पन्नास वर्षांनी पुन्हा जिवंत झाला, आणि स्वतंत्र भारताला तो तसाच मिळाला.

जानेवारी १९६२ मध्ये, पानाच्या निकालानंतर वर्ष उलटायच्या आत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी केदारनाथ सिंह खटल्यात ग्वायर यांची बाजू घेतली. हिंसेला चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याचा रोख असेल तरच गुन्हा. सरकारवर नुसती कडक टीका हा गुन्हा नाही. दिल्लीच्या त्याच इमारतीत, जवळजवळ त्याच सुमारास, भाजी आणि अप्रीती हे दोन्ही शब्द त्यांच्या हद्दीत परत आले. माझ्या लेखी ही दोन्ही कामं एकाच जातीची आहेत. तरीही कलमाचा मूळ मजकूर तसाच राहिला, आणि ठाण्यातला अंमलदार गुन्हा नोंदवताना निकाल वाचत नाही, कलम वाचतो. म्हणून अटका होत राहिल्या. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ खालच्या कारवाया स्थगित ठेवायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा अप्रीती हा शब्द दंडसंहितेतून गेला.

मुंबई-आग्रा रोडने परत निघा. कसारा घाट चढून, इगतपुरी ओलांडून द्वारकेला उतराल तेव्हा चौक पुरता अडकलेला असेल, आणि साल आपलं. नव्या संहितेचं १५२वं कलम उघडा. त्यात अलगाव, सशस्त्र बंड यांच्या जोडीला विध्वंसक कारवाया असेही शब्द आहेत. विध्वंसक म्हणजे नेमकं काय, हे त्या संहितेच्या व्याख्यांच्या कलमात सांगितलेलं नाही. हा अर्थ पुढे कोणीतरी ठरवेल: एखादा ठाणे अंमलदार, एखादा सत्र न्यायाधीश, आणि पुष्कळ वर्षांनी एखादं पीठ. तोवर तो शब्द ज्याच्यावर लागेल त्याला वाट पाहावी लागेल, आणि वाट पाहण्याची जागा कदाचित कोठडी असेल. पानवाल्याच्या सात-आठ वर्षांत त्याचे पैसे गेले. इथे माणसाची वर्षं जातील.

आपल्या राज्यातलंच ताजं उदाहरण आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये मांडलं गेलं तेव्हा 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दांच्या व्याख्येवरूनच सर्वांत जास्त आक्षेप आले. विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना गेल्या, मजकुरात काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. त्या बदलांबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, पण हजारो लोकांनी व्याख्येचं कलम काढून वाचलं आणि समितीला लिहिलं, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

तुम्हीही हे करा. पुढच्या वेळी एखादं विधेयक सूचनांसाठी खुलं होईल, तेव्हा आधी त्याचं व्याख्यांचं कलम काढा, बहुतेक वेळा ते दुसरं असतं. शिक्षेच्या कलमातला प्रत्येक जड शब्द तिथे आहे का बघा. नसेल तर मुदत संपायच्या आत समितीला मराठीत पत्र लिहा, आणि त्या शब्दाचा तुमच्या गावात, तुमच्या बाजारात काय अर्थ आहे ते त्यात स्वच्छ सांगा.